पोटनिवडणुकीनंतरच्या काकी

महिला सरपंच आणि सदस्यांच्या प्रशिक्षणात मी कराडच्या काँग्रेसच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाणांचं नाव घेतलं की कुणीतरी विचारतंच, "पण मॅडम, त्या तर नवऱ्याच्या जागेवर निवडून आल्या ना? मग त्यात त्यांचं काय?" एरवी हे पुरुष विचारतात. परवा कराड तालुक्यातल्या एका सदस्यबाईंनीच विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

जागा नवऱ्याची होती, हे खरंच आहे. आनंदराव ऊर्फ दाजीसाहेब चव्हाण 1957 ला शेतकरी कामगार पक्षाकडून कराडचे खासदार झाले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले. 1973 मध्ये ते गेले आणि पोटनिवडणुकीला काकी उभ्या राहिल्या. लोकांना हळहळ होती, मतंही त्यातून पडली असणार. पण हळहळ एका मतदानाला पुरते. त्यापुढचं कुणी बोलत नाही.

1977 घ्या. आणीबाणीनंतरची निवडणूक. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या, महाराष्ट्रात 48 पैकी काँग्रेसच्या 20 जागा आल्या. त्यातली एक कराडची, काकींची. त्या वेळी देशभरातून फक्त 19 बायका लोकसभेवर निवडून आल्या. इतक्या कमी ना आधी कधी आल्या, ना नंतर.

पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, आणि माझ्या मते काकींची खरी परीक्षा तिथे झाली. सातारा जिल्हा यशवंतराव चव्हाणांचा, कराड तर त्यांचं गावच. ते दुसऱ्या बाजूला गेले आणि राज्यातले बहुतेक मोठे पुढारी त्यांच्याबरोबर गेले. काकी इंदिराबाईंकडे राहिल्या. ज्या गावात रोज उठून यशवंतरावांच्या माणसांची तोंडं बघायची, तिथे राहून हे करायचं! तो निर्णय बरोबर की चूक, यावर आमच्याकडची जुनी माणसं अजून भांडतात. भांडोत. पण दाजीसाहेबांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. हा निर्णय त्यांच्या पुण्याईवर घेता येण्यासारखा नव्हता. 1980 ला काकी राज्यसभेवर गेल्या. 1984 आणि 1989 ला पुन्हा कराडमधून लोकसभेत. प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. 1991 ला मुलगा पृथ्वीराज उभा राहिला, ते घराणं पुढे मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रशिक्षणात हे सांगते त्याला कारण आहे. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत मी काय बघते? सभेतले ठराव लिहायचं प्रोसिडिंग बुक पुढे सरकतं, सहीच्या जागेवर आधीच पेन्सिलीची फुली असते, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेले मालक म्हणतात, "कर गं सही, मी वाचलंय." एका गावात बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ठराव पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला. गटाराच्या कामाचा ठराव होता. वाचून होईपर्यंत कुणी हललं नाही. त्यांनाही उमेदवारी नवऱ्यामुळेच मिळाली होती.

सांगलीचंही बघा. वसंतदादा 1983 ला मुख्यमंत्री झाले, लोकसभेची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी शालिनीताई खासदार झाल्या. त्याआधीच त्या राज्याच्या महसूलमंत्री होत्या, आणि पुढे कोरेगावातून आमदार झाल्या, हे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्यांच्यानंतर सांगलीतून एकही बाई लोकसभेवर गेली नाही. सातारा मतदारसंघातून तर आजवर एकही नाही. आणि काकींचा कराड मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत नकाशावरूनच गेला.

आता 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती आली आहे. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाली की लोकसभेच्या एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव होतील. आमच्याकडे तेव्हा पहिली नावं पुढाऱ्यांच्या सुना-लेकींचीच येतील, आणि हाच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. माझी त्यांच्या येण्याला हरकत नाही. निवडून आल्यावर पक्षाची बैठक असेल तेव्हा खुर्चीत कोण बसतं, ते मी बघणार आहे.