स्वतःच्याच कामाची नोकरी

माझे काका हर्णै बंदरात तांडेल होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, या हिशेबाने ते चतुर्थीला तीन वाजता आणि अष्टमीला सहा वाजता भरती सांगत, आणि होडीसाठी तेवढे पुरेसे असे. तोच हिशेब मिनिटापर्यंत नेणारी एक लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामांत जोडता येणारा तयार कोड, मी हौसेने लिहिली आणि कुणालाही वापरू-बदलू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली सर्वांना खुली केली. जहाजांची वेळापत्रके आखणारी पुण्याची एक कंपनी ती वापरत होती. तिने गेल्या वर्षी मला, हर्णैतच राहून पूर्ण वेळ याच लायब्ररीवर काम करण्यासाठी, नोकरी देऊ केली.

आनंद झाला, पण करारनाम्याचा मसुदा वाचून मी थबकलो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनीच असते. जुना कोड खुलाच राहिला असता, परंतु यापुढची प्रत्येक ओळ कंपनीची झाली असती. नव्या कोडचा हक्क माझा, परवाना तोच आणि कोणता बदल स्वीकारायचा हा निर्णयही माझा, एवढे लेखी मिळवायला तीन आठवडे गेले. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी 2018 मध्ये त्या भाषेबाबतच्या अंतिम निर्णयाचे पद सोडले, तरी ड्रॉपबॉक्स या कंपनीतली त्यांची नोकरी 2019 पर्यंत चालू होती. प्रकल्पातले स्थान आणि नोकरी वेगळी ठेवता येतात, हे पटवताना मी हाच दाखला दिला. (गुइडो कोण, हे आधी सांगावे लागले.)

खरी कसोटी नंतर लागली. कंपनीला लायब्ररीची सर्व उत्तरे स्वतःच्या साच्यात हवी होती. तसे केले असते तर बाकीच्यांचे प्रोग्राम मोडले असते, म्हणून तो साचा मी लायब्ररीबाहेर, कोडच्या वेगळ्या पॅकेजात दिला. साहेब थोडे नाराज झाले, पण करारातली ओळ कामी आली.

त्याच आठवड्यात जयगडच्या एका होडीवाल्याने कळवले की भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांत वेळ वीस मिनिटे चुकते. हिशेबातल्या सूर्याच्या ओढीच्या घटकाची वेळ ठरवणारा कोन मी एका ठिकाणी चुकीचा भरला होता. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, सूर्य आणि चंद्र एकत्र ओढतात, त्यामुळे ती चूक फारशी जाणवत नसे. भांगाला दोघांची ओढ परस्परविरोधी झाली की ती उघडी पडे. दुरुस्तीला दोन दिवस लागले, तेही पगारी.

साप्ताहिक अहवालात ‘ग्राहकाचे नाव’ असा रकाना असतो. त्यात मी ‘जयगडचा होडीवाला’ असे लिहिले. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.