केरीच्या डोंगरातले गोबरगॅस: प्लांट बघा, कार्बनचे पैसे भरू नका

आमच्या दूध सोसायटीत एका सल्लागाराने येऊन सांगितलं, की गोव्यात केरीच्या पुढे चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या एका वाड्यावर कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे हवेत जाणारा कार्बन वाचवल्याचे दाखले विकून येणाऱ्या पैशांतून गोबरगॅस उभे राहिलेत. तुम्हीही घरटी पाच हजार ‘रजिस्ट्रेशन’ भरा, तीन वर्षांत प्लांट फुकटात पडेल. ते डोळ्यांनी बघायला सोसायटीची आम्ही माणसं दोडामार्गहून सत्तरीत गेलो.

साखळीपर्यंत काही त्रास नाही, केरीपर्यंतही नाही. ‘गाडी थेट अंगणात जाते’ हे सल्लागाराचं म्हणणं मात्र साफ खोटं. केरीतल्या जीपवाल्याने जाऊन-येऊन दोन हजार घेतले आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) अलीकडेच गाडी उभी केली. पुढचा चढ वाईट आहे. सुटे जांभे दगड, त्यावर काजूचा वाळलेला पाला, पाय कशावर पडतोय तेच कळत नाही. रोज डोंगर तुडवणारी आमची माणसं तिथे बसत-घसरत चढली. उतरताना तर गुडघ्यांची परीक्षाच. चपला-सँडल चालणार नाहीत, पकडीचे बूट हवेत. पाणी माणशी दोन लिटर घ्या, वाटेत सावलीही नाही. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नका. दोन हजार घालवण्यापेक्षा दुचाकी आणा आणि व्हाळापाशी लावा, गाडीला तिथे कोणी हात लावत नाही.

प्लांट आहेत, आणि चांगले आहेत. दोन घनमीटरचे ‘दीनबंधू’ पद्धतीचे, घुमट जमिनीखाली. रोज पन्नासेक किलो शेण आणि तेवढंच पाणी, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीतच. आमच्यासमोर निळ्या ज्योतीवर पेज शिजली. स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला, पाटाने कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळींना जाते. पण बांधले कशाने? लोकांनी स्वतःचे पैसे घातलेत, एकाने दुभती म्हैस विकून. कार्बनच्या पैशांचं विचारलं तर घरातली आजी म्हणाली, “फोटो काडून गेले, मागीर कोण आयलोच ना.” म्हणजे नंतर कोणी आलंच नाही.

तिने डब्यातून फॉर्मची प्रत काढून दिली. ‘पूर्वीचे इंधन’ या रकान्यात ‘सरपण’ असं छापूनच आलेलं, खाली तिचा अंगठा. आणि त्याच स्वयंपाकघरात शेगडीशेजारी लाल सिलिंडर, गेली कित्येक वर्षं. शेजारच्या घरांतले फॉर्मही मागून बघितले. सगळीकडे तेच छापील ‘सरपण’. संताप आला तो इथे, चढाने नव्हे.

कारण सगळा हिशोब या एका शब्दावर उभा आहे. क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचा दाखला. दोन घनमीटर गॅस म्हणजे रोजचा साधारण ८५० ग्रॅम एलपीजी, वर्षाला तीनशे किलोच्या आसपास. एक किलो एलपीजी जाळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सिलिंडरवाल्या घरात वर्षाला टनभरसुद्धा पुरता भरत नाही. टनाला दहा डॉलर धरले तरी वर्षाचे आठ-नऊशे रुपये. भरायचे पाच हजार! सरपण लिहिलं की आकडा फुगतो. पण तिथेही जे लाकूड पुन्हा उगवत नाही तेवढंच मोजायचं असतं, आणि आपल्याकडे चुलीत जातात ती काजूची फाटी आणि माडाच्या झावळ्या, स्वतःच्याच भाटातली (बागेतली).

त्यात बाहेरच्या तपासनिसाकडून आधी प्रकल्प मान्य करून घ्यायचा आणि पुढे मोजणी पडताळून घ्यायची, या दोन्हींचा खर्च लाखांत जातो. वीस-पंचवीस घरांना तो झेपतच नाही. कर्नाटकात बागेपल्लीला ५,५०० घरं एकत्र आणून २००५ साली हवामानबदलावरच्या क्योटो या आंतरराष्ट्रीय कराराखाली नोंदणी झाली, तेव्हा कुठे तो खर्च परवडला. भावाचाही भरवसा नाही. २००८ मध्ये वीस युरोंच्या वर असलेलं क्योटोचं क्रेडिट २०१२ संपताना एका युरोच्याही खाली आलं होतं. आणि जो प्लांट बांधून केव्हाच गॅस देतोय, त्याला नव्याने क्रेडिट मिळणं जवळपास अशक्य. क्रेडिटमुळे तो उभा राहिला हे दाखवणार कसं?

वाळपईत आमच्यातल्या एकाच्या मेहुण्याला छपरावरच्या सोलरसाठी हीच भुरळ घातली होती. तीन किलोवॅटचे वर्षाला चार हजार युनिट, तेवढी ग्रिडची (सरकारी तारांवरची) वीज वाचली तरी कार्बन डायऑक्साइड वाचतो तीन टनांच्या आत. शिवाय व्हेरासारख्या क्रेडिटच्या मोठ्या नोंदणी संस्थेने भारतातले ग्रिडला जोडलेले नवे सोलर प्रकल्प घेणं केव्हाच बंद केलंय. त्याने केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे ७८,००० रुपये घ्यावेत आणि गप्प बसावं.



तुमच्याकडे असा कोणी आला तर संमतीपत्र तिथल्या तिथे वाचून घ्या. आजीच्या कागदात खाली बारीक अक्षरात होतं, की क्रेडिटचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील. किती वर्षांसाठी, त्या बदल्यात घराला काय, याचा एक शब्द नाही. नोंदणी क्रमांक मागा. प्रकल्प खरा असेल तर तो नोंदणी संस्थेच्या साइटवर कोणालाही सापडतो. आम्ही फोनवरून मागितला तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर आलं.

सोसायटीने पैसे न भरण्याचं ठरवलंय. प्लांट मात्र आम्ही बांधणार. वाड्यावरच्या गवंड्याला दोन प्लांटचं सांगून आलोय, घुमटाची वीट तो स्वतः निवडतो आणि काम स्वच्छ आहे. पावसाळ्यात तो खड्डा खणत नाही, तेव्हा ज्यांना हवाय त्यांनी दिवाळीनंतरची वेळ आत्ताच मागून ठेवावी.