वाचनालयासाठी एपिक फँटसी निवडताना

आमच्या गावच्या वाचनालयात सभासदांसाठी एक मागणीवही ठेवलेली असते, आणि तीत एपिक फँटसी, म्हणजे जादू असलेल्या काल्पनिक जगातल्या भव्य कथा, या प्रकारातल्या इंग्रजी कादंबऱ्यांची नावे अलीकडे वारंवार दिसू लागल्यामुळे त्यांपैकी कोणत्या घ्याव्यात याचे टिपण तयार करण्याचे काम ग्रंथनिवड समितीने यंदा माझ्याकडे सोपवले. मी हा प्रकार महाविद्यालयात असल्यापासून वाचत आले आहे, त्यामुळे नावांची वाण नव्हती. मात्र स्वतःला आवडलेले पुस्तक आणि दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देता येईल असे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवण्यातच माझा बहुतेक वेळ गेला.

पहिली चाळणी साहित्यगुणांची नव्हतीच. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या कोणालाही विचारा, मालिकेतला एक खंड हरवला की पुढचे सगळे खंड कपाटात नुसते पडून राहतात, आणि हरवतो तो नेमका दुसरा किंवा तिसरा. या कसोटीवर रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ अवघड ठरते, कारण 1990 मध्ये सुरू झालेली ही मालिका चौदा खंडांची आहे. जॉर्डन 2007 मध्ये वारले, तेव्हा ती अपुरी होती. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तेव्हाच्या तरुण लेखकाची निवड केली आणि जॉर्डन यांनी मागे ठेवलेल्या मजकुराच्या व टिपणांच्या आधारे सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले, त्यांतला अखेरचा 2013 मध्ये आला. दुसऱ्याच्या मनातले जग इतक्या निष्ठेने तडीस नेल्याची उदाहरणे फार नाहीत. पण मधल्या काही खंडांत कथानक इतके रेंगाळते, की वाचनालयाच्या मुदतीत वाचणारा सभासद तिथेच गळण्याची शक्यता अधिक. मी ही मालिका शिफारशीतून वगळली आणि ज्यांना ती हवीच असेल त्यांनी विकत घेऊन सावकाश वाचावी, असे टिपणात लिहिले.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या बाबतीत अडचण उलटी आहे. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चे पहिले तीन खंड 1996 ते 2000 या काळात आले, चौथा 2005 मध्ये, पाचवा 2011 मध्ये, आणि सहाव्याची वाट वाचक अजूनही पाहत आहेत. प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या नजरेतून सांगण्याची त्यांची पद्धत मला या प्रकारातली सर्वांत कसदार युक्ती वाटते, कारण एका प्रकरणात ज्याचा मनापासून राग आला त्याचेच डोळे पुढे कधीतरी आपल्याला लावून घ्यावे लागतात आणि मग निवाडा करणे कठीण होते. महाभारतावर वाढलेल्या वाचकाला यात परके काही वाटू नये. मात्र दूरचित्रवाणी मालिका पाहून पुस्तकाकडे येणाऱ्याला शेवट पुस्तकात मिळणार नाही, हे आधीच सांगितले पाहिजे.

उरलेल्यांची तुलना करण्यासाठी मी प्रत्येक पुस्तकाची सुरुवातीची पन्नास-साठ पाने लागोपाठ पुन्हा वाचली. अनोळखी जगात वाचकाला आत कसे घ्यायचे हा या लेखकांपुढचा पहिला प्रश्न असतो, आणि तो कोण कसा सोडवतो यावरून पुढच्या हजार पानांचा स्वभाव बराचसा कळतो. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (1954-55) आधी हॉबिट या ठेंगण्या काल्पनिक लोकांच्या चालीरीतींवर, अगदी त्यांच्या तंबाखूवरसुद्धा, एक संथ प्रस्तावना येते, मग बिल्बो या हॉबिटच्या एकशे अकराव्या वाढदिवसाची मेजवानी होते आणि त्यानंतर नायक फ्रोडो घर सोडेपर्यंत कथेतली सतरा वर्षे जातात. ज्याला ही संथपणाची गोडी कळते त्याला पुढे काही सांगावे लागत नाही, आणि ज्याला नाही कळत त्याला आग्रह करून उपयोग नाही. स्टीव्हन एरिक्सन याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. ‘गार्डन्स ऑफ द मून’ (1999) वाचकाला युद्धाच्या ऐन मध्यात आणून सोडते आणि कोण कोणाचा, कोणती देवता कोणाच्या बाजूने, यातले काहीही समजावून सांगत नाही. एरिक्सन शिक्षणाने पुरातत्त्वज्ञ आहेत आणि त्यांच्या जगात प्रत्येक शहराखाली आणखी एक शहर गाडलेले असते. दहा खंडांची ही मालिका मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. तरीही नवख्या वाचकाला ती देणे म्हणजे पोहायला शिकवताना थेट विहिरीत ढकलणे होय, म्हणून तीही वगळली.

जादूच्या बाबतीत सँडरसन आणि अर्सुला ले ग्विन यांना शेजारी शेजारी ठेवून वाचणे मला सर्वांत फलदायी वाटले. सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’ त्रयीत (2006-08) जादू करणारी माणसे धातूचा कीस गिळतात आणि तो शरीरात ‘जाळून’ शक्ती मिळवतात: लोखंडाने धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलादाने दूर ढकलता येतो. नाणे खाली टाकून त्याला ढकलले की ते जमिनीला टेकते आणि मग ढकलणारा स्वतःच वर उचलला जातो. नाणे हलके असले तरी खालची जमीन हलत नाही, एवढ्या साध्या हिशेबावर त्यांनी रात्रीच्या शहरावरून झेपा घेत जाण्याची दृश्ये उभी केली आहेत. लेखकाला जादूने पेच सोडवायचे असतील तर त्या जादूचे नियम वाचकाला आधी नीट कळलेले असले पाहिजेत, हे त्यांचे जाहीर मत आहे आणि ते ते काटेकोरपणे पाळतात. त्यांची भाषा मात्र सपाट आहे. वाक्य पुन्हा वाचावे असे क्वचितच वाटते.

ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (1968) पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे, की गॉन्ट बेटावरचा हा मुलगा पुढे मोठा जादूगार होणार. तो जिंकेल का, ही उत्सुकता त्यांनी स्वतःहून सोडून दिली आणि तो स्वतःच्या उन्मत्तपणातून जे मोकाट सोडतो त्याला सामोरा कसा जाईल एवढाच प्रश्न ठेवला. नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा आणि त्याचा जिवलग मित्र काळा, हेही त्या काळात वेगळे होते. सारे पुस्तक जेमतेम दोनशे पानांचे आहे, आणि विस्तार म्हणजेच भव्यता हा या प्रकाराचा समज त्याने केव्हाच खोटा पाडला आहे. या मालिकेच्या दुसऱ्या भागात तर हा नायक निम्म्या पुस्तकापर्यंत येतच नाही; तोवर आपण भूमिगत चक्रव्यूहात, दिवा नेण्यास बंदी असलेल्या अंधारात, टेनार नावाच्या पुजारीण मुलीसोबत हातांनी भिंती चाचपत फिरत असतो.

रॉबिन हॉब यांच्या ‘असॅसिन्स अप्रेंटिस’चे (1995) नाव समितीत कोणीही ऐकले नव्हते. राजपुत्राचा अनौरस मुलगा पुढे अनेक वर्षांनी आपली हकीकत लिहितो आहे, अशी मांडणी. राजवाड्यात तो तबेल्याजवळ वाढतो आणि गुप्तपणे विषप्रयोग शिकतो. लढाया थोड्या, अपमान पुष्कळ. ज्यांना या प्रकारात फक्त तलवारी दिसतात त्यांना मी हेच पुस्तक आधी देते, कारण येथे संकट बहुतेक वेळा दालनातल्या माणसांकडूनच येते.

बैठकीत खरा वाद मार्टिन यांच्यावरूनच झाला. मागणीवहीत सर्वाधिक मागणी त्यांना होती. हिंसा आणि लैंगिक प्रसंग यांमुळे ती पुस्तके शाळकरी सभासदांच्या हाती नकोत, असे एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते, आणि ते मला मान्य होते. शेवटी ती प्रौढ विभागात, आतल्या पानावर ‘मालिका अपूर्ण’ अशी चिठ्ठी लावून ठेवायची असे ठरले. ले ग्विन यांचे पहिले तीन भाग, हॉब यांची पहिली त्रयी, ‘मिस्टबॉर्न’ आणि टॉल्किन यांना एकमताने मंजुरी मिळाली. एन. के. जेमिसिन यांची, 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षे ह्यूगो हा विज्ञानकथा व फँटसीसाठीचा पुरस्कार मिळवणारी त्रयी निधीअभावी पुढच्या खरेदीसाठी राखून ठेवली आहे. तिच्या पहिल्या खंडाची माझी स्वतःची प्रत तोपर्यंत ग्रंथपालांच्या टेबलावर आहे आणि मागेल त्याला ती नोंद करून मिळते.