स्टार नीलम: आधी उन्हात धरा, मग पालथा करा

स्टार नीलम म्हणजे उजेडात ज्याच्या माथ्यावर तारा उमटतो तो नीलम. तो ट्यूबलाइटखाली बघून घेऊ नये. लांबट, पसरलेल्या उजेडात तारा विस्कटतो आणि चांगला खडाही धुरकट गोटीसारखा दिसतो. त्याला एकच, थेट उजेड लागतो. जळगावच्या सराफ बाजारात असाल तर खडा घेऊन सरळ दारात या. खान्देशच्या उन्हाला एरवी आपण नावं ठेवतो, पण या कामाला त्याच्यासारखा दिवा नाही. रात्र असेल तर मोबाइलचा टॉर्च खड्याच्या बरोबर वर वीतभर अंतरावर धरा आणि डोळा टॉर्चजवळ ठेवा. सहा किरण दिसले पाहिजेत. मग खडा हळूच कलता करा. तारा खड्यावरून सरकेल, पण सरकताना त्याचा एखादा पाय मध्येच तुटता कामा नये.

हा तारा वर कोरलेला नसतो. नीलम आणि माणिक दोन्ही कोरंडम, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यात रूटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या अतिबारीक सुया एकमेकींशी ६० अंशांचा कोन करून तीन दिशांना बसलेल्या असतात. रेशमी दोऱ्याचं रीळ उजेडात धरून बघा: दोरे आडवे असतात, चमक मात्र उभी पडते. इथेही तसंच होतं. तीन दिशांच्या सुयांच्या तीन रेघा एकमेकींना छेदतात आणि सहा किरण दिसतात. म्हणजे खड्याला गढूळ करणारी गोष्टच त्याला तारा देते. नितळ काचेसारखा खडा आणि वर ठसठशीत तारा, तोही स्वस्तात, असं कोणी दाखवलं तर मी आधी खडा खाली ठेवीन.

तारा घुमट्याच्या, म्हणजे खड्याच्या फुगीर माथ्याच्या, मधोमध नसेल तर पैलूकाराने स्फटिकाचा अक्ष चुकवलाय. बहुतेक वेळा तो वजन वाचवायला मुद्दाम चुकवलेला असतो.

आता खडा पालथा करा. अस्सल खड्याचं बूड बहुधा खरबरीत, बिनपॉलिशचं आणि जरा फुगीर असतं. थोडं चालतं, पण कोंदणात लपणारं जाड बूड म्हणजे न दिसणाऱ्या दगडाचे पैसे. त्यातच रत्तीचा घोळ. ग्रहांच्या खड्यांची पक्की रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.९१ कॅरट. सोनाराची जुनी रत्ती १२१.५ मिलिग्रॅमची. सहा रत्ती म्हटल्यावर ५.४६ कॅरट की ३.६५, हे भाव ठरायच्या आधी विचारा. त्यापेक्षा वजन कॅरटमध्येच लिहून घ्या.

‘ब्लॅक स्टार’ म्हणून आपल्याकडे येणारा काळा, चकचकीत, चार पायांचा खडा नीलम नसतो. तो डायोप्साइड, म्हणजे वेगळंच खनिज, दक्षिण भारतात निघणारं. त्याचे किरण नीट काटकोनात नसतात आणि आत मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकी खनिज असल्याने दोऱ्याला टांगून जोरदार चुंबक जवळ नेला की तो ओढला जातो. दगड म्हणून वाईट नाही, पण दहाच्या मोजपट्टीवर (मोह्स) कठीणपणा साडेपाच-सहाचा; नीलमचा ९. शनीसाठी म्हणून नीलमच्या भावात घेतलात तर शनीआधी विकणारा पावला.

सुटा खडा असेल तर सोनाराच्या हजारांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर शंका फिटते. आधी खडा कोरडा तोला. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने खडा पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला लागणार नाही असा धरा. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागा. १.२०० ग्रॅमचा नीलम पाण्यात ०.३०० च्या आसपास दाखवतो, म्हणजे घनता ४. तेवढ्याच वजनाचा डायोप्साइड ०.३६ च्या पुढे जातो, काच ०.४८ च्या आसपास. खड्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि अस्सल नीलम हलका ठरतो, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

कारखान्यातला स्टार नीलम मात्र या परीक्षेत सहज पास होतो, कारण तोही कोरंडमच. अमेरिकेत लिंडे कंपनीने १९४७ पासून असे खडे बाजारात आणले. त्यांचा तारा फार सरळ, पाय कडेपर्यंत पोचलेले, बूड सपाट आणि गुळगुळीत. काहींच्या बुडावर ‘एल’ अक्षरही सापडतं. दहापट भिंगातून गोल बुडबुडे किंवा वळणदार रेषा दिसल्या की विषय संपला. तरी मोठ्या रकमेला प्रयोगशाळेचा दाखला हवाच.

आख्यायिका भरपूर आहेत. युरोपात तीन रेघांना श्रद्धा, आशा आणि नियती मानत. आपल्याकडे नीलम शनीचा. घेण्याआधी रात्रभर उशाशी ठेवून स्वप्न कसं पडतं ते बघायची रीत, आणि आपल्याकडची बरीच मंडळी तो घालण्याआधी नस्तनपूरला शनीच्या पायाशी नेतात. त्याबद्दल वाद नाही. गंमत नावांची आहे: वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला १८२ कॅरटचा ‘स्टार ऑफ बॉम्बे’ आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३.३५ कॅरटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ दोन्ही श्रीलंकेचे. दुसरा १९६४ मध्ये चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी परत मिळाला. आपल्या सावद्याच्या खाणींतून झिओलाइटचे सुरेख स्फटिक निघतात, नीलम नाही.

ग्रहाची अंगठी खालून उघडी ठेवतात, खडा बोटाला लागावा म्हणून. त्या पोकळीत कळण्याचं पीठ जाऊन बसतं. तारा तसाच राहतो, पण खड्याचा रंग मळकट दिसू लागतो. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं भिजवा, लहान मुलाच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा आणि सुती कापडाने टिपा. केळीच्या बागेत काम करताना अंगठी काढून ठेवलेली बरी. चीक घुमट्यावर वाळला की तारा पुसट होतो. हिऱ्याच्या दागिन्यासोबत एका डबीत ठेवू नका, चरे पडतील. स्टार माणकाच्या भेगांत काच भरलेली असेल तर लिंबाच्या रसानेसुद्धा ती खराब होते, मग तेजाबाचं विचारायलाच नको.

अंगठी लहान-मोठी करायची असेल तर खडा आधी काढायला सांगा. सोनार ‘काही होत नाही, हा आग सोसतो’ म्हणेल. आग तो बऱ्यापैकी सोसतोही. पण झाळताना लावलेला टाकणखार तापून खड्यावर वितळला तर कोरंडमचा पृष्ठभाग खातो, आणि गरम खडा पाण्यात बुडवला तर तडकतो. खाल्लेला घुमटा पुन्हा घासून पॉलिश करता येतो, मात्र वजन घटतं आणि घासताना हात तिरका गेला तर तारा कडेला सरकतो.