दार-ए-सलाममधला ऑइलपेंटचा बिबट्या

टांझानियातलं सेरेंगेटी पाहिलं, सिंह पाहिले, पोटभर धूळ खाल्ली. झांझिबारचा समुद्र देखणा, गर्दी नकोशी. हे फोटो सगळ्यांनीच टाकलेत, माझे काही वेगळे नाहीत. मला लिहायचंय ते तिथल्याच दार-ए-सलाम शहरातल्या एका दुपारबद्दल.

ड्रायव्हरने आधी आम्हाला एका गारेगार एसी दुकानात नेलं (कमिशन असणारच). भाव डॉलरमध्ये आणि विक्रेतीचा चेहरा असा, की चित्राला हात लागला तर दंड घेईल. मी हट्टाने गाडी शहरातल्याच ऑयस्टर बे भागाकडे वळवायला लावली. मोरोगोरो स्टोअर्सपाशी टिंगाटिंगा शैलीत रंगवणाऱ्या चित्रकारांची सहकारी संस्था आहे. आत शिरताच नाकात भरतो तो वास दिवाळीआधी खिडकीच्या गजांना मारतात त्या ऑइलपेंटचा. चित्रंही त्याच रंगात.

या शैलीला ज्याचं नाव मिळालं तो एडवर्ड सैदी टिंगाटिंगा दक्षिणेकडच्या टुंडुरूचा, जन्म १९३२. सिसलच्या (दोरखंडाचा धागा देणाऱ्या घायपातीच्या) मळ्यांत राबला, दार-ए-सलामला येऊन साहेबांच्या घरी नोकरी केली. १९६८च्या सुमारास चित्रं काढायला लागला. कॅनव्हास कुठून परवडणार? घेतला हार्डबोर्डचा चौकोन आणि सायकलींना मारायचा रंग. एका चौकोनात बहुतेकदा एकच प्राणी, मागे सपाट रंग. याच मोरोगोरो स्टोअर्सबाहेर तो चित्रं मांडून बसायचा. गिऱ्हाईक मुख्यतः गोरे. १९७२ साली पोलिसांनी त्याला भलताच कोणी समजून गोळी घातली. चित्रकार म्हणून मिळाली जेमतेम चार वर्षं! हाताखाली शिकलेल्या नातलगांनी काम पुढे चालवलं.

एक चित्रकार जमिनीवर बसून बिबट्या रंगवत होते. पिवळ्यातून नारिंगीकडे जाणारी पार्श्वभूमी आधीच वाळवलेली. पेन्सिल नाहीच. करंगळी कापडावर टेकवून नाकापासून शेपटीपर्यंत एका दमात पाठ ओढली. मग ठिपके: आधी काळं कडं, आत तपकिरी टिकली. शेजारी आणखी तीन बिबटे टेकवलेले, एकाला ठिपके नाहीत, एकाला डोळे नाहीत.

"हा तर कारखाना झाला," नवरा कुजबुजला. मला राग आला. चार वर्षांत गेलेल्या माणसाची चित्रं पन्नास वर्षांनीही नवी निघतात ती या हातांमुळेच. आणि नीट पाहिलं तर एक बिबट्या लबाड, दुसरा चक्क घाबरलेला. खाली सहीही ज्याची त्याची. तक्रार करायचीच तर पर्यटकांची करा. सगळ्यांना तोच झेब्रा हवा आणि तोही निम्म्या भावात.

मला लबाड बिबट्याच हवा होता. पण त्याचे डोळे ओले. "उद्या या, वाळेल," ते म्हणाले. आमचं विमान रात्रीचं. शेवटी शेजारच्या चित्रकाराचा, ठिपक्याठिपक्यांचा रागीट गिनी फाउल (कोंबडीसारखा पक्षी) घेतला. नवऱ्याने घासाघीस सुरू केली, ती मी डोळे वटारून थांबवली. आता हॉलमध्ये तो लावलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नवरा सांगतो, "मी निवडला."