पोर्तुगीज चर्च ते पोर्तुगाल, आईच्या वहीसकट

आमचं घर दादरला, गोखले रोडवर. टॅक्सीवाल्याला सांगायचं ते "पोर्तुगीज चर्चच्या जरा अलीकडे". त्यामुळे ऑफिसात जेव्हा सांगितलं की आईला घेऊन पोर्तुगालला चाललेय, तेव्हा एकाने विचारलं, "चालत?"

लिस्बन निवडण्यामागे कसलाही उदात्त हेतू नव्हता. पॅरिस आणि स्वित्झर्लंड परवडत नव्हतं, एवढंच. लिस्बन त्या मानाने स्वस्त, आणि २०२३ च्या मार्चमध्ये, म्हणजे गर्दी सुरू व्हायच्या आधी, तिकिटं जरा उतरली होती. मुंबईहून थेट विमान नाही. मध्ये सात तास एका विमानतळाच्या खुर्च्यांवर काढायची तयारी असेल तर माणशी चोपन्न हजारांत जाऊन-येऊन होत होतं. व्हिसाची फी तेव्हा माणशी ८० युरो, व्हिसा नाकारला तरी परत नाही. वर किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. आई पोस्टातून निवृत्त झालीय. हिशोब पैशापर्यंत जुळला नाही तर तिला झोप लागत नाही. तिने विमानतळावरच एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: १ युरो = ८९ रु.

खोली मार्तिम मोनिझ भागात घेतली होती. चौथा मजला, लिफ्ट नाही, बाथरूम सामायिक, पण स्वयंपाकघर वापरायला मिळणार होतं. पोहोचताच काउंटरवरच्या मुलाने चोवीस युरो मागितले. शहराचा पर्यटक कर, तेव्हा माणशी रात्रीला दोन युरो. जिथून बुकिंग केलं तिथे कुठेतरी बारीक अक्षरात असेलही, मला दिसला नव्हता. वहीतली पहिली नोंद झाली ती ही, आणि आई त्या मुलाशी पुढचे दोन दिवस बोलली नाही.

भाग मात्र झकास निघाला. मागच्याच रुआ दो बेनफोर्मोझो या गल्लीत बांगलादेशी, नेपाळी आणि आपल्याकडच्या लोकांची दुकानं. मसूर, तांदूळ, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, सगळं. रात्री खिचडी, बरोबर नेलेलं मेतकूट. पाणी नळाचं, तिथे ते बिनधास्त पितात.

बाहेर जेवायचा प्रयोग दुसऱ्या दिवशी अल्फामा या जुन्या वस्तीत केला. बसल्याबसल्या वेटरने न मागता ब्रेड, ऑलिव्ह आणि चीजचा तुकडा आणून ठेवला. ब्रेडला तो 'पांव' म्हणाला, थोडं नाकातून. आई खूश. "बघ, आपलाच शब्द!" आम्ही सगळं संपवलं. बिलात साडेचार युरो जास्त. याला तिथे 'कुव्हेर' म्हणतात. हात लावला नाही किंवा परत न्यायला सांगितलं तर पैसे पडत नाहीत, खाल्लं की पडतात. फसवणूक नाही, तिथली रीतच आहे. पण आईचा प्रश्नही बिनतोड होता: "उद्या उडप्याने चटणीचे पैसे लावले तर?"

त्या पावापासून आईला नादच लागला. सुपरमार्केटात ती पाट्या वाचत फिरायची. बताता. कोव्ह, म्हणजे कोबी. अनानाश. काजू. सबाव म्हणजे साबण. मी फोनवर शोधून तिला तुरुंग, लिलाव आणि घमेलं यांचीही भर घातली. आणि मेट्रोच्या तिकिटाच्या मशीनवर मोठ्या अक्षरात PAGAR असं बटण आलं, ते आईने मोठ्याने वाचलं आणि मागे उभ्या असलेल्या बाईकडे वळून मराठीत म्हणाली, "पगार! अहो, पण हा तर देतोय कुठे, घेतोय!" तिकडे त्याचा अर्थ पैसे भरणे. बाई हसली, तिला काय कळलं देव जाणे.

हे शहर टेकड्यांवर आहे आणि आईचे गुडघे सहासष्ट वर्षांचे. त्यामुळे माझ्या मते लिस्बनमधली सर्वात मोलाची फुकट गोष्ट म्हणजे बाइशा-शियादो स्टेशनचे सरकते जिने. स्टेशनचं एक दार खाली बाइशात, दुसरं वर शियादोत, आणि मधल्या जिन्यांना तिकिटाच्या फाटकातून जावं लागत नाही. खालून आत शिरायचं, वर कॉफीच्या दुकानांसमोर बाहेर पडायचं. शेजारीच १९०२ सालची लोखंडी सांता जुश्ता लिफ्ट आहे, तिच्यापुढे मात्र लालबागला नवसाच्या रांगेची आठवण यावी अशी गर्दी होती. २८ नंबरच्या ट्रामबद्दल इतकं लिहून आलंय की मी थोडक्यात सांगते: सकाळी लवकर पहिल्या थांब्यावर चढलात तर खिडकी मिळते. नंतर विरार फास्ट.

बेलेमला झेरोनिमुस मठात आतल्या अंगणाला तिकीट होतं, चर्चला नव्हतं. आम्ही चर्चमध्ये गेलो. दारातच वास्को द गामाची कबर. हा माणूस १५२४ साली कोचीत वारला, तिथेच पुरला गेला, १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले, आणि या मठात आले ते १८८० मध्ये. आईने पोस्टातल्या मैत्रिणींबरोबर केरळ केलं तेव्हा कोचीची ती रिकामी जागा पाहिली होती. "तिथे गाइडने दहा मिनिटं घालवली होती नसलेल्या माणसावर," ती म्हणाली. "आज वसूल झालं."

तिथून पाच मिनिटांवर अफोंसु द अल्बुकर्कचा पुतळा, उंच खांबावर. हापूस हे नाव याच्यावरून आल्याचं सांगतात. देवगडची पहिली पेटी दादरला आली असेल आणि आपण इथे, याचं आईला वाईट वाटलं. मग मी तिला सांगितलं की १५१० मध्ये गोवा घेतल्यावर याने तिथल्या मुसलमानांची कत्तल करवली होती. ती थोडा वेळ वर बघत राहिली. "आंब्याला काय माहीत," म्हणाली आणि बाकावर बसून खाकरा काढला.

नदीचा फेरफटका हवा असेल तर पर्यटकांच्या बोटीकडे ढुंकूनही बघू नका. काइश दो सुद्रेहून कासिल्यासला जाणारी रोजच्या नोकरदारांची बोट पकडा, तेव्हा दीड युरोच्या आत होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातो तसंच, फक्त वास नाही आणि दहा मिनिटांत संपतं. पलीकडच्या धक्क्यावरून संध्याकाळी अख्खं लिस्बन समोर दिसतं, डावीकडे १९६६ चा तो लाल झुलता पूल. आम्ही दोनदा गेलो.

आणि कार्मो. हे चर्च १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात पडलं. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक प्रार्थनेला जमलेले. भूकंपामागून समुद्राच्या लाटा, आणि मग कित्येक दिवस आग. खालचा बाइशा भाग नंतर राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल याने आखीव चौकांत नव्याने उभारला, पण कार्मोचं छप्पर कधीच पूर्ण झालं नाही. नुसत्या कमानी, वर आकाश. दोघींचे दहा युरो.

आई दारात थांबली. "छप्पर नसलेल्या चर्चचे आठशे नव्वद रुपये? वसईला फुकट आहे." तिचं चुकत नव्हतं. शाळेच्या सगळ्या सहली आमच्या वसईच्या किल्ल्यात, पोर्तुगीजांनीच बांधलेल्या आणि आता गवत माजलेल्या चर्चांमध्ये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे तिथेच डबा खाताखाता पाठ झालेलं. आम्ही मागे फिरलो.

शेवटच्या दिवशी पाऊस लागला. ते पांढऱ्या-काळ्या दगडांचे फूटपाथ साबण फासल्यासारखे निसरडे होतात, टेकडी चढणं शक्य नव्हतं. सरकत्या जिन्याने वर आलो आणि आई स्वतःच कार्मोच्या खिडकीशी जाऊन पैसे मोजायला लागली. आत कोणी नव्हतं. चर्चच्या मधोमध पाऊस पडत होता, सरळ, कमानींच्या मधून जमिनीवर. आम्ही भिंतीला टेकून छत्रीखाली उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "यांनी गवत काढलंय."

घरी आल्यावर वहीची बेरीज झाली. दोघींचे सहा रात्रींसकट एक लाख ऐंशी हजारांच्या आत. शेवटून तिसरी नोंद तिच्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात आहे: कार्मो, ८९० रु., छप्पर नाही, पाऊस धरून.