खटका पडेपर्यंत दार बंद नाही

आमची सोसायटी पुण्यात, वारज्यात, ११ मजली. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या लॉबीतून जिन्याकडे जाताना एक लोखंडी फायर डोअर आहे. जिन्यात धूर शिरू नये एवढ्यासाठीच ते असतं. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, आणि जिना धुराने भरला की वरच्या मजल्यांवरची माणसं अडकलीच. म्हणून ते दार सोडल्यावर आपोआप बंद व्हायला हवं. नुसतं टेकून भागत नाही, खटका चौकटीच्या खाचेत पडायला हवा. दारावर १२० मिनिटं आग रोखण्याचं लेबल असेल, पण दोन बोटं फट राहिली तर धूर लेबल वाचत बसत नाही.

आमच्या बहुतेक दारांचं घोडं नेमकं त्या शेवटच्या दोन बोटांवर पेंड खात होतं.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. आमच्याकडे तो वेळेवर यायचा, आणि त्यात सगळं 'सुस्थितीत' असायचं. एजन्सीची माणसं पंप चालवून बघत, अलार्म वाजवत, होजरीलचं, म्हणजे आग विझवायच्या गुंडाळलेल्या नळीचं, पाणी सोडत. दार उघडून सोडून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. यंदा कमिटीत देखभालीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा म्हटलं, आधी दारंच बघू.

तक्रारवहीत दोनच प्रकारच्या तक्रारी होत्या. 'दार धाडकन आपटतं, बाळ दचकून उठतं' आणि 'दार नीट लागत नाही'. वही जरा नीट वाचली तर एकाच दाराबद्दल आळीपाळीने दोन्ही. आपटण्याची तक्रार आली की इलेक्ट्रिशियन क्लोजरचा, म्हणजे दार आपोआप ओढून बंद करणाऱ्या यंत्राचा, स्क्रू पिळून दार मंद करायचा. मग ते लागायचं नाही. कुणी तरी पुन्हा स्क्रू सैल करायचं, दार आपटायला लागायचं, आणि शेवटी वैतागून एखादं कुटुंब तिथं चपलांचं रॅकच अडकवून ठेवायचं. त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिवसभर धाड्‌धाड् वाजणारं दार कुणीही अडकवून ठेवेल.

फायर डोअरची कामं करणारे एक मिस्त्री ओळखीतून मिळाले. मी म्हटलं, "दादा, सगळे क्लोजर बदलायचेत का?" त्यांनी उत्तरच दिलं नाही. सहाव्या मजल्यावर क्लोजरचा हात चौकटीपासून सोडवला आणि दार एका बोटाने ढकललं. "ताई, आता क्लोजर नाहीच मध्ये. तरी अडतंय ना? मग त्या बिचाऱ्याला का बोल लावायचा?"

दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासत होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले, त्यामुळे पल्ला खटक्याच्या बाजूला खाली झुकलेला. मिस्त्रींनी एक रुपयाची दोन नाणी एकावर एक धरून फटीतून फिरवली. दोन्ही मिळून साधारण ३ मिलिमीटर, आणि पल्ला आणि चौकट यांच्यात तेवढीच फट हवी. बिजागरीच्या बाजूला नाणी सळसळत गेली, वर कोपऱ्यात अडकली. मग खटक्याच्या जिभेला खडू फासून दार लावलं. चौकटीवरच्या पत्र्यावर पांढरा डाग उमटला तो खाचेच्या खाली. म्हणजे जीभ दर वेळी पत्र्यावर आपटून थांबत होती.

बिजागरी घट्ट केल्यावर डाग वर सरकला, उरलेलं काम कानशीने पत्र्याची खाच घासून झालं. पल्ल्याला मात्र कानस लावायची नाही, असं त्यांनी बजावलं. फायर डोअर आहे तसं तपासलेलं असतं. कापलं, घासलं, नवं भोक पाडलं की त्या १२० मिनिटांना अर्थ उरत नाही. दुसऱ्या एका मजल्यावर पेंटरने बिजागऱ्या आणि रबरी सील एकाच ब्रशने रंगवून टाकले होते. सील कडक होऊन दाराला मागे रेटत होतं. ते बदलावं लागलं.

एवढं झाल्यावर कुठे क्लोजर. बऱ्या क्लोजरला वेगाचे दोन स्क्रू असतात. एक दार येण्याचा वेग ठरवतो, दुसरा फक्त शेवटच्या १०-१५ अंशांचा. आमच्याकडे आजवर सगळे पहिलाच पिळत होते. मिस्त्रींनी पहिला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने किंचित फिरवून दार मंद केलं आणि दुसरा जरासा उलटा फिरवला. दार सावकाश आलं आणि शेवटी हलका जोर करून खट् लागलं. आवाज नाही. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचं नाही आणि स्क्रू पार बाहेर काढायचा तर नाहीच, आतलं तेल सांडतं. ज्यांच्या अंगावर तेलाचे ओघळ होते ते क्लोजर सरळ बाद केले.

नवे आणायला मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानदाराने आधी स्वस्तातला, एकाच स्क्रूचा दाखवला. आमचा पल्ला १०५० मिलिमीटर रुंद. ईएन ११५४ या क्लोजरच्या युरोपीय मानकात ताकदीप्रमाणे नंबर असतात: ३ नंबरचा क्लोजर ९५० मिलिमीटर रुंद आणि ६० किलोपर्यंतच्या पल्ल्याला, ४ नंबरचा ११०० आणि ८० किलोपर्यंत. आमच्या दारांवर ३ नंबरचे होते! ४ नंबरचे घेतले, शेवटचा वेग वेगळा ठेवता येणारे. आणि ९० अंशांना दार अडवून ठेवणारा हात नको, हे दोनदा सांगितलं. घरच्या दाराला ती सोय बरी, फायर डोअरला तिथं जागा नाही.

नववा मजला मात्र वेगळाच निघाला. हिवाळ्यात नीट लागणारं दार पावसाळ्यात लागेना. लॉबीची खिडकी पश्चिमेला, खडकवासल्याकडचा वारा थेट आत. आमची दारं जिन्याच्या बाजूला उघडतात, त्यामुळे लॉबीत भरलेला वारा दाराला उघडं ठेवायलाच रेटतो. खिडकी धूर बाहेर जाण्यासाठी आहे, ती बंद करून चालणार नव्हतं. तिथं ५ नंबरचा क्लोजर बसवला. दार उघडायला आता जरा जड जातं. त्या मजल्यावरच्या आजी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, हे दार आहे की तालीम?" मुद्दा खरा होता. मिस्त्रींनी येऊन जोर थोडा उतरवला, वाऱ्यातही खटका पडेल इतकाच ठेवला.

आता वॉचमन महिन्यातून एकदा प्रत्येक दार दोनदा सोडून बघतो: एकदा पूर्ण उघडून, एकदा चार बोटं उघडून. दुसरी परीक्षा अवघड, कारण दाराला वेगच मिळत नाही. लॉबीच्या खिडक्या तेव्हा उघड्याच ठेवायच्या. जुलैच्या फॉर्म बी-ला आलेल्या माणसालाही मी प्रत्येक मजल्यावर नेलं. तो जरा कंटाळला, पण आला.

तळमजल्याचं दार अजून राहिलंय. कुणाच्या तरी टेम्पोने चौकटच वाकवली आहे, तिथं स्क्रू पिळून काही होणार नाही. चौकटीसह नव्या दाराचं कोटेशन आलंय, वार्षिक सभेपुढे ठेवणार आहे.